अडीच वर्षांचे विद्यार्थी

आमच्या मराठवाड्यात एका विशिष्ट पिढीची माणसे जन्मली ती बहुतेक एक जूनला. कुठल्याही जुन्या शाळेचे दाखलखारिज रजिस्टर काढून पाहा. नावे निराळी, गावे निराळी, पण जन्मतारीख तेवढी सगळ्यांची एक. दरसाल ३१ मे रोजी शाळाशाळांतून आणि कचेऱ्यांतून हारतुरे आणि नारळ देऊन निरोपसमारंभ होतात, त्याचे इंगित हेच. माझे सासरेही एक जूनचेच. त्यांच्या आईच्या हिशेबाने ते पोळ्याच्या आगेमागे झालेले, पण शाळेतल्या गुरुजींनी तो हिशेब कानाआड केला.

गुरुजींची रीत सोपी होती. पोराला समोर उभे करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताशी आला की पोरगे सहा वर्षांचे झाले. मग मागे मोजून एक जून ही तारीख टाकायची, आणि ओनामा सुरू. कान हाती लागला नाही, तर "पुढच्या साली आणा लेकराला," म्हणून बापाला परत धाडायचे. आपण आज या गोष्टीला हसतो, पण त्यात शहाणपण होते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि हात आखूड असतात. वाढता वाढता हे प्रमाण बदलते आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास हात डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानापर्यंत पोचतो. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत हीच परीक्षा चालत असे. गुरुजींना तारीख ठाऊक नव्हती, म्हणून ते निदान पोराकडे नीट पाहून घेत.

आता प्रत्येकापाशी महापालिकेचा दाखला असतो. त्यावर तारीख असते, आणि सगळी चर्चा त्या तारखेपाशी सुरू होऊन तिथेच संपते. दसरा उलटला, की आमच्या शहरात दोन गोष्टींची गडबड उडते. एक दिवाळीची आणि दुसरी नर्सरीच्या अर्जांची. फराळाला आलेली तरुण जोडपी चकलीचा तुकडा मोडता मोडता एकमेकांना विचारतात, "तुम्ही कुठंकुठं फॉर्म भरलेत?" पूर्वी अशा बैठकीत स्थळांची चौकशी चाले. तोच आवाज, तीच काळजी, आणि "आमचं तर एका ठिकाणी जवळजवळ ठरल्यासारखंच आहे" हे सांगण्याचा रुबाबही तोच.

नियम काय आहे तो आधी सांगते, कारण त्याच्याविषयी घरोघर घोळ आहे. महाराष्ट्रात २०२० सालापासून प्रवेशाच्या वयाची मोजदाद ३१ डिसेंबर धरून करतात. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पुरी होत असतील, तर मूल नर्सरीत बसू शकते, आणि सहा पुरी होत असतील तर पहिलीत. शाळा मात्र उघडते जूनच्या मध्यास. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल नर्सरीच्या चटईवर जाऊन बसते, तेव्हा ते अवघे अडीच वर्षांचे असते, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेले जानेवारीचे मूल जवळजवळ साडेतीन वर्षांचे. अकरा महिन्यांचे अंतर तुमच्या-माझ्यात काहीच नाही. अडीच वर्षांच्या जिवाला मात्र ते त्याच्या उभ्या आयुष्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक आहे.

आणि नियमातले क्रियापद नीट वाचा. "बसू शकते" असे आहे, "बसावे" असे नाही. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या बाईला एवढा भेद सांगितल्यावाचून राहवत नाही. सरकारने दार कितव्या महिन्यापासून उघडे ठेवले आहे, ते त्या तारखेने कळते. आत केव्हा शिरायचे, हा प्रश्न घरचाच राहतो.

आमच्या घरी हा प्रश्न सध्या फारच घरचा झाला आहे. माझ्या धाकट्या जावेची मुलगी (तिला आम्ही सगळे बाईसाहेब म्हणतो, कारण ती तशीच वागते) डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. येत्या डिसेंबरात तिला दोन वर्षे पुरी होतील. म्हणजे येत्या जूनमध्ये अडीच. म्हणजे नियमाने पात्र! जाऊबाई बँकेत आहेत, दीर वाळूजला कारखान्यात पाळीने जातात, मी सकाळी कॉलेजात, आमचे हे दिवसभर कचेरीत, आणि घरी सासूबाई. त्यांची सत्तरी उलटली, गुडघे बोलू लागले. नळाला पाणी येण्याचा दिवस असला, की त्यांचे अर्धे लक्ष टाकीकडे आणि अर्धे नातीकडे. नात तर दोहोंकडचे लक्ष काढून घेऊन थेट बादलीत.

जाऊबाईंचे म्हणणे असे : "वहिनी, नियमात बसतंय ना? मग एक वर्ष कशाला वाया घालवायचं?"

हे "वर्ष वाया जाणे" ऐकून मला मोठी मौज वाटली. आमच्या लहानपणी वर्ष वाया जाई ते नापास होणाऱ्याचे. मॅट्रिकला गणितात गचकलेल्या मुलाचे, नाहीतर विषमज्वराने परीक्षा बुडालेल्याचे. तो शब्दप्रयोग खाली खाली उतरत आता पाळण्यापर्यंत आला आहे. जिला अजून स्वतःच्या चपलेचा डावा-उजवा कळत नाही, तिचे वर्ष वाया जाईल म्हणून घरात चिंता! बरे, घरी राहून ती करते काय, हे मी एका रविवारी नुसते बसून पाहिले. सासूबाई मूग निवडत होत्या. बाईसाहेबांनी एकेक दाणा उचलून वाटीत टाकायचा, मग वाटी उपडी करायची, मग पुन्हा उचलायचे, हा उद्योग अर्धा तास केला. मध्येच कुत्रा आला. "कुत्रा आली," तिने जाहीर केले. सासूबाई म्हणाल्या, "आला गं, कुत्रा आला." "कुत्रा आला," ती म्हणाली, आणि लगेच "आजी आला" असेही म्हणाली.

आपल्या मराठीला तीन लिंगे आहेत आणि त्यांना नियम म्हणावा असा धड नाही. भाकरी ती, भात तो, वरण ते. परप्रांतातून आलेली मोठमोठी माणसे दहा-दहा वर्षे इथे राहून यात ठेचकाळतात. हे सारे लेकरू दोन ते चार वर्षांच्या दरम्यान, कोणी न शिकवता, चुका करीत करीत उचलते. त्याला लागते ते एकच : आपल्याशी बोलणारे, आपले ऐकून घेणारे, घाईत नसलेले माणूस. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात एक बाई कितीही मायाळू असली तरी प्रत्येकाच्या "कुत्रा आली"ला उत्तर देऊ शकत नाही. त्यातून ती बाई मुलांना कुत्र्याचे इंग्रजी नाव पाठ करून घेण्याच्या कामावर नेमलेली असेल, तर मग बोलायलाच नको.

मी हे सांगताच जाऊबाईंनी मला माझ्याच शस्त्राने गाठले. म्हणाल्या, "तुम्ही वर्गात ताराबाई मोडकांचं नाव घेता ना? त्यासुद्धा अडीच वर्षांचीच मुलं घेत असत!"

खरे आहे ते. आणि ते खरे आहे म्हणूनच त्याचा जरा तपशील पाहायला हवा.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. आपली लहानगी मुलगी घेऊन त्या १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले होते आणि मॉन्टेसरीबाईंची पद्धत ते आपल्या मातीत रुजवू पाहत होते. तिथे काम करून ताराबाई मुंबईला आल्या, आणि १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. मुंबईच्या मध्यमवर्गाने आपली मुले हौसेने तिथे धाडली. पण बाईंना चैन पडेना. हे शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांपुरते राहणार का, या प्रश्नाने त्या १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, हट्टाने शिकून शिक्षिका झालेल्या. बोर्डीला बालवाडी काढली, तर वस्तीतली मुले यायचीच नाहीत. तेव्हा बाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, आणि तिचे नाव झाले अंगणवाडी. परदेशी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, चिंचोके, पाने. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात. त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणत. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. १९७५ सालच्या गांधीजयंतीला केंद्र सरकारने जी बालविकास योजना सुरू केली आणि जिच्या अंगणवाड्या आज गल्लोगल्ली दिसतात, तिला नाव लाभले ते हेच.

आता त्या बालमंदिरात अडीच वर्षांचे मूल गेले तर काय करी? हात धुई. तांब्यातले पाणी न सांडता पेल्यात ओती. बटणे लावी, काढी. फुले वेचून आणी. खरखरीत कागद आणि गुळगुळीत कागद बोटांनी ओळखी. गाणी म्हणे. कंटाळले तर झोपे. परीक्षा नाही, गृहपाठ नाही, बक्षीस नाही, शिक्षा नाही, अमक्या महिन्यापर्यंत अमुक अक्षर आलेच पाहिजे असे कोष्टक नाही. घरात चांगली आई जे करते तेच, थोड्या अधिक समजुतीने आणि बरोबरीच्या मुलांच्या संगतीत. त्यांची अडीच वर्षे आणि आजच्या नर्सरीची अडीच वर्षे यांत आकडा तेवढा सारखा आहे.

म्हणून मी जाऊबाईंना म्हटले, नुसते वय धरून भांडण्यात अर्थ नाही, आपण जाऊन पाहू. एका शनिवारी सुट्टी साधून आम्ही दोघी तीन ठिकाणी हिंडलो.

पहिल्या ठिकाणी इमारत देखणी, भिंतींवर चित्रे, दारात पहारेकरी. आतल्या बाईंनी मोठ्या अभिमानाने मुलांच्या फायली दाखवल्या. प्रत्येक पानावर ठिपक्यांची अक्षरे आणि ती गिरवताना पेन्सिलीने फाटलेला कागद. त्यांच्या सर्वांत लहान वर्गाच्या फायली त्या! मी डॉक्टर नाही, पण एक गोष्ट शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मिळते. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती हाडे नसतातच, नुसत्या मऊ कूर्चा असतात. तिसऱ्या वर्षापर्यंत जेमतेम दोन-तीन हाडे धरलेली असतात, बहुतेक बाकीची सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत एकेक करून धरतात, आणि शेवटचे तर दहाव्या वर्षाच्या आसपास. अशा हाताला माती द्यावी, कणकेचा गोळा द्यावा, फार तर जाड खडू द्यावा. आपल्या जुन्या लोकांनी अक्षरओळखीला पाचवे वर्ष धरले होते आणि तेही आधी धुळीत बोट फिरवून. त्यांनी काही मनगटाची छायाचित्रे काढली नव्हती.

दुसऱ्या ठिकाणी आम्हांला सांगण्यात आले की "आम्ही मुलाखत घेत नाही, फक्त इंटरॅक्शन करतो." मी विचारले, "दोहोंत फरक काय?" त्यावर बाई गोड हसल्या. आमच्या राज्यात प्रा. राम जोशी यांच्या समितीने या चिमुरड्यांच्या मुलाखतींवर बोट ठेवल्यानंतर १९९६ साली कायद्याने बालवर्गाच्या मुलाखती बंद केल्या. पुढे २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानेही प्रवेशासाठी मुलाची वा पालकाची चाळणी लावायला मनाई केली. चाळणी गेली, नवे नाव राहिले. मराठीच्या अध्यापिकेने यावर समानार्थी शब्दांचा एक पाठ घ्यायला हरकत नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे एका जुन्या बंगल्याचे तळमजले. पाटी लहान, मागे पेरूचे झाड, वाळूचा खड्डा, पाण्याचे टोपले. चालवणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या, पदर खोचलेल्या. जाऊबाईंनी त्यांना अभ्यासक्रम विचारला. मी विचारले, "कुणी चड्डी ओली केली, तर कोण बदलतं?" पहिल्या दोन ठिकाणी या प्रश्नाला "आम्ही पालकांना फोन करतो" असे उत्तर मिळाले होते. या बाई म्हणाल्या, "मी बदलते, नाहीतर मावशी. त्यात काय विचारायचं?" मग बाईसाहेबांचे वय ऐकून म्हणाल्या, "तीन पूर्ण होऊ द्या, मग आणा. तोवर घरीच भिजू द्या."

शाळा पाहायला जाणाऱ्या आयांना माझे सांगणे आहे, हा चड्डीचा प्रश्न जरूर विचारा. आणखी एक करा. मुले घरी जाण्याच्या वेळेला दाराशी उभ्या राहा आणि मुलांचे गुडघे पाहा. मळलेले असले तर जागा बरी.

पण ज्या भीतीने ही घाई चालली आहे, तिच्याशी अजून आपली गाठ पडायची आहे. ती भीती अशी, की लवकर गेलेले मूल पुढे राहते आणि उशिरा गेलेले मागे. याविषयी बाहेर पुष्कळ पाहणी झाली आहे आणि निष्कर्ष बहुतेक उलटा निघतो. वर्गातली वयाने सर्वांत लहान मुले पहिली काही वर्षे अभ्यासात मागे दिसतात, आणि ती मागे दिसतात म्हणून त्यांना मठ्ठ नाहीतर वांड ठरवले जाते. अमेरिकेत १ सप्टेंबर ही जिथे प्रवेशाची तारीख आहे, अशा राज्यांतल्या मुलांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. ते काम २०१८ साली प्रसिद्ध झाले. ऑगस्टात जन्मलेली मुले वर्गात सर्वांत धाकटी, सप्टेंबरात जन्मलेली सर्वांत थोरली. 'लक्ष लागत नाही, एका जागी ठरत नाही' या रोगाचा शिक्का धाकट्यांवर थोरल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक वेळा बसलेला आढळला. रोग जन्ममहिना पाहून येत नाही. वर्षभराने लहान असलेल्या मुलाचा लहानपणा डॉक्टराच्या चिठ्ठीवर रोग म्हणून लिहिला गेला, दुसरे काय? तिकडे फिनलंडात मुले पहिलीला जातात ती सातव्या वर्षी, आणि तो देश काही अडाणी राहिलेला नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावी १९६२ साली सुरू झालेला एक प्रयोग शिक्षणाच्या जगात फार गाजला. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुले. त्यांतल्या ५८ जणांना बालशाळेत घेतले, बाकीच्यांना नाही, आणि सर्वांचा माग चाळिशीपर्यंत ठेवला. बालशाळेत गेलेल्यांनी शिक्षण अधिक पुरे केले, ती अधिक कमावू लागली, तुरुंगाची वाट त्यांच्यातल्या कमी जणांनी धरली. बालशिक्षणाचे समर्थक हा दाखला नेहमी देतात, आणि योग्यच देतात. पण ती मुले तीन-चार वर्षांची होती, पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका होती, आणि शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत असे. घरात जे मिळत नव्हते, ते त्यांना तिथे मिळाले. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी तीन वर्षांची झाल्यावर अंगणवाडीत जाऊ लागली. खिचडी खाते, गाणी शिकून येते, आमच्या ओट्यावर उभी राहून ती गाणी हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवते. तिच्या आईची कामे होईतो ती पूर्वी कुणाच्या तरी जिन्यात बसून राही. तिला अंगणवाडीने फायदाच केला. सदनिकेत एकटे, दिवसभर मोबाइलपुढे बसणारे मूल असेल, तर त्यालाही चांगली बालवाडी लवकर मिळालेली बरी, मग घर कितीही सधन असो.

जाऊबाईंच्या डोक्यात आणखी एक हिशेब होता. त्यांची नोकरी बदलीची, पुढेमागे केंद्रीय विद्यालयात घालता येईल. मी तो नियम काढून दाखवला. तिथे २०२२ सालापासून पहिलीला ३१ मार्चपर्यंत सहा वर्षे पुरी लागतात, आणि २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिलीचे वय सहाच धरले आहे. म्हणजे अडीचव्या वर्षी नर्सरीत बसवलेली मुलगी साडेपाचव्या वर्षी तिथल्या दाराशी जाईल, आणि मागे वाचवलेले वर्ष तिथे मोजून द्यावे लागेल. धावत जाऊन गाडी येण्यापूर्वी तासभर फलाटावर बसणाऱ्या आमच्या मामांची मला आठवण झाली.

इतके सारे बोलणे झाले, दाखले झाले, शाळा पाहून झाल्या. आपण बाजी मारली अशा समजुतीत मी चहा टाकायला उठले, तेव्हा जाऊबाई एकदम म्हणाल्या, "वहिनी, तुमचं सगळं पटलं. मुलीचं तुम्ही सगळे बघता आहात. पण दहा ते सहा तिला धरायचं कुणी? आईंच्या गुडघ्यांनी? मी रोज काउंटरवर बसून घड्याळाकडे बघते, त्याचं काय?"

खरी गोष्ट तेव्हा बाहेर आली. मला वाटते, निम्म्याअधिक घरांतली खरी गोष्ट हीच असते. आईला हवे असते पाळणाघर, आणि ते मागायचा तिला संकोच वाटतो. पाळणाघर म्हटले की मूल दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याचा ठपका येतो, शाळा म्हटले की मूल हुशार निघाल्याचे कौतुक होते. म्हणून अडीच वर्षांच्या पोरीच्या पाठीवर दप्तर चढते. शाळावालेही हे ओळखून असतात. एरवी तीन तासांच्या नर्सरीला जोडून "डे-केअर"ची सोय कशाला निघाली असती? सोय वाईट नाही. चांगले पाळणाघर ही फार मोलाची संस्था आहे आणि आमच्या शहरात ती हवी तितकी नाहीत. पण मग तिला पाळणाघरच म्हणावे, पाळणाघराच्या कसाला लावून पाहावे : माणसे किती, झोपायला जागा कशी, जेवण कोण भरवते. तिथे पेन्सिलीचे काम नाही.

आणि एक विचारावेसे वाटते. दहा ते सहाचा हा प्रश्न एकट्या जाऊबाईंचा कसा झाला? मुलीला वडील आहेत, काका आहेत, मी आहे. त्या रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांना बसवून मी वहीत रेघा मारल्या. दीरांनी वरिष्ठांशी बोलून शक्य तितकी पहिली पाळी मागून घ्यायची, म्हणजे साडेतीन-चारला ते घरी. सकाळी दहा ते एक एका मावशींना ठेवायचे. सासूबाईंनी देखरेख करायची, उचलायचे-धावायचे मावशींनी. मी दीडपर्यंत घरी येते, तेव्हापासून दीर येईपर्यंत बाईसाहेब माझ्या. मावशींचा पगार दोन घरांत वाटून, कारण मुलगी एका घरची असली तरी मूग सगळ्यांचे सांडते. डिसेंबरात दोन पूर्ण होतील, त्यानंतरच्या डिसेंबरात तीन. तेव्हा पेरूच्या झाडाच्या त्या बाईंकडे रोज दोन तास. नर्सरीचा अर्ज पुढल्या दिवाळीनंतर भरायचा.

जाऊबाईंनी वही दोनदा वाचली. "पुढच्या वर्षी जागा नाही मिळाली तर?" असे एकदा विचारून पाहिले. तीन पुरी झालेल्या मुलीला या शहरात कुठेच जागा मिळाली नाही, असे मी अजून ऐकलेले नाही. फार तर हव्या त्या पाटीखाली मिळणार नाही. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण घरात आणून ठेवलेला नर्सरीचा अर्ज त्यांनी बाईसाहेबांना चित्रे काढायला दिला.

वहीतली एक रेघ मात्र अजून भरायची राहिली आहे. महिन्यातल्या ज्या शनिवारी बँक उघडी असते, त्या शनिवारी मला जादा तास असतो आणि मावशींची सुट्टी. त्या दिवसाची पाळी मी आमच्या ह्यांच्या नावावर लिहून ठेवली आहे. त्यांना अजून सांगितलेले नाही.